सातवा पेपर लिहिल्याबद्दल

अध्यक्षसाहेब, जे परीक्षेतून पळाले त्यांच्या गळ्यात तुम्ही सोनेरी पदकं घातलीत, आणि जी शेवटपर्यंत बाकावर बसून राहिली तिला हाकलून दिलंत. चुकून नाही, नियम करून. त्या नियमाखाली तुमची सही आहे, ती मला वाचता येते, म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे.

मी बसमध्ये कंडक्टर आहे. नवरा जुन्या सोफ्यांना नवी कापडं चढवतो. आम्हाला एकच मुलगी. घरात तिला मुंगी म्हणतो, कारण एकदा दाणा धरला की तो अंगापेक्षा मोठा असला तरी ओढत बसते, सोडत नाही.

यंदा तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. तुमच्या परीक्षा मंडळाचे ते प्रगत पेपर, जे शाळेच्या अभ्यासाच्या वरचे असतात आणि मास्तरांनासुद्धा रात्री वाचून यावे लागतात, ते तिने दिले. सहा किंवा जास्त पेपर आणि सरासरी नव्वद, की सुवर्णगौरव. तुमचं पदक आम्हाला भिंतीवर टांगायला नको होतं. सुवर्णगौरव मिळालं की विद्यापीठात थेट प्रवेश आणि वसतिगृहात खोली. विद्यापीठ परगावी. खोली नाही तर विद्यापीठ नाही, आमचा हिशोब एवढा सरळ.

सहा पेपर पुरे होते. सातवा, भौतिकशास्त्राचा, तिने हौसेने घेतला. मुख्याध्यापकांनी भर सभेत तिची पाठ थोपटली. "जितके पेपर जास्त, तितकं शाळेचं नाव मोठं!"

तो पेपर संपला आणि ती माझ्याच बसला चढली. केस विस्कटलेले, बोटांना शाई.

"कसा गेला गं?"

"घाम काढला माझा. पण आई, गंमत ऐक. आमच्या शाळेचे बाकीचे चौघे दहा मिनिटांत उठून गेले. पेपर बघितला, एकमेकांकडे बघितलं आणि गेले. हजेरीच्या कागदावर सहीसुद्धा केली नाही."

"पोट बिघडलं असेल."

"चौघांचं एकदम?"

"एकाच डब्यात जेवले असतील."

मागून एक आजोबा ओरडले, "अहो बाई, माझं तिकीट!"

"देते आजोबा, इथे परीक्षा चालू आहे." त्यांना तिकीट देऊन मी परत वळले. "मग तू का नाही उठलीस?"

"का उठू? शेवटचा प्रश्न कसला भारी होता! बस वळली की उभी माणसं बाहेरच्या बाजूला का झुकतात, तसलाच. मला आधी येईना, मग तुझी बस डोळ्यांसमोर आणली आणि सुटला."

"बघ, माझ्या नोकरीचा कोणाला तरी उपयोग झाला," मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो. हसलो, अध्यक्षसाहेब. म्हणजे आम्हाला किती कळत होतं ते बघा.

निकाल लागला त्या दिवशी नवरा एका खुर्चीला पाठ लावत होता. तोंडात खिळे. मुंगी फोन घेऊन दारात उभी राहिली.

"भौतिकशास्त्रात चौपन्न," ती म्हणाली.

नवऱ्याने खिळे हातावर थुंकले. "चौपन्न? मग पास आहेस की!"

"पास आहे बाबा. पण तोही सरासरीत धरला, म्हणून मेले."

पहिल्या सहा पेपरांची तिची सरासरी त्र्याण्णव होती. सातव्याचे चौपन्न मिळवले आणि ती सत्त्याऐंशीवर आली. सुवर्णगौरवाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. शाळेतली नावं चारच होती, त्या उठून गेलेल्या चौघांची. चौघांचेही सहाच पेपर मोजले होते, कारण सातव्याला ते तुमच्या कागदावर गैरहजर होते, आणि गैरहजेरी तुम्ही मोजत नाही. त्यांतल्या एकाचीही सरासरी त्र्याण्णवपर्यंत पोचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलून मी शाळेत गेले. फाटकावर मोठा फलक. त्यावर माझ्या मुलीचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, "सात प्रगत पेपर देणारी आमची पहिली विद्यार्थिनी!" म्हणजे मिरवायला सात चालतात, फक्त मोजताना नडतात.

मुख्याध्यापकांनी मला बसायला सांगितलं. मी बसले नाही, मला उभं राहायची सवय आहे.

"बाई, हे आम्ही विशेष वर्गात मुलांना समजावलं होतं," ते म्हणाले. "पहिली पंधरा मिनिटं पेपर बघायची मुभा असते. नव्वदची खात्री वाटली नाही तर सही न करता उठायचं. यात गैर काही नाही, नियमच आहे तसा."

"मग माझ्या मुलीला का नाही समजावलंत?"

"ती विशेष वर्गात नव्हती ना."

"तिने विचारलं होतं, मला घ्या म्हणून. तुम्हीच म्हणालात, तुला काय गरज, तू हुशार आहेस."

ते हसले. हे हसू मी रोज बघते. तपासनीस चढला की बिनतिकिटाचा माणूस अस्सा हसतो आणि हळूच पुढच्या दाराने उतरतो. माझ्या बसमध्ये त्याला फुकट्या म्हणतात. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात ते यादीत वाचलंच.

"तुमच्या मुलीचा आम्हाला अभिमान आहे," ते म्हणाले.

"अभिमान राहू द्या तुमच्याकडे. तिला खोली हवी आहे."

त्यांनी बोट वर केलं. छताकडे नाही, तुमच्या कार्यालयाकडे.

म्हणून सोमवारी मुंगीला घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही भेटला नाहीत. तिसऱ्या मजल्यावर तुमच्या एक अधिकारी बाई भेटल्या. बाई वाईट नव्हत्या हे आधी सांगते, नाहीतर उद्या त्यांनाच बळीचा बकरा कराल. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, गुण नीट बघितले, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, मार्ग आहे. मुलीने एक ओळ लिहून द्यायची. त्या दिवशी प्रकृती बिघडली, पेपर पूर्ण करता आला नाही. आम्ही तो पेपर बाद धरतो. सरासरी पुन्हा त्र्याण्णव. शुक्रवारी खोल्यांची यादी बंद होते, त्याच्या आत नाव लागेल."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी पेन उघडून मुंगीपुढे धरलं.

"लिही."

"काय झालं होतं मला?"

"ताप आला होता."

"नव्हता आला."

"आता येईल. मला तर आलाच आहे. लिही कारटे."

तिने पेन हातात घेतलं नाही. "आई, मी तो पेपर पूर्ण केलाय. घंटा होईपर्यंत लिहीत होते."

"आणि काय मिळवलंस? चौपन्न! ते काय डोक्यावर घेऊन नाचायचेत?"

"हो," ती म्हणाली. "माझे आहेत ते."

बाई म्हणाल्या, "बाळ, थोडा व्यवहार बघावा माणसाने."

"मॅडम, आमच्या केंद्रावर त्या पेपरात किती जण पास झाले?"

बाईंनी संगणकात बघितलं. "पाच उमेदवार. चार गैरहजर. एक उत्तीर्ण."

"म्हणजे जेवढे बसले तेवढे पास," मी म्हटलं. "शंभर टक्के निकाल. वाटा पेढे."

मुंगी उठली, बाईंना नमस्कार केला आणि बाहेर गेली. जिन्यात मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. इतक्या वर्षांत प्रवाशांनी मला दिलेल्या सगळ्या शिव्या कामी आल्या. ती बसमध्ये खिडकीपाशी बसली आणि बाहेर बघत राहिली. तोंड दिसत नव्हतं, पण खांदे दिसत होते.

घरी नवऱ्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "आधी कोणाला ओरडू?"

मी सगळं सांगितलं. त्याने हातातला हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "तिने लिहून दिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं?"

"हो, वाटलं असतं!"

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर. आधी खोली तर मिळाली असती!"

मी अजून तिच्यावर चिडलेली आहे. आमच्यात बोलणं मीठ दे, दार लाव, एवढंच चालू आहे. पण सतरा वर्षांच्या पोरीला तुमच्या कार्यालयात बसून खोटा ताप आणायला लागावं, तरच तिचा खरा अभ्यास खरा ठरावा, ही सोय मी केलेली नाही, तिने केलेली नाही. ती तुम्ही केलीत. तुमच्या बाईंनी तो मार्ग इतक्या पटकन काढला की आमच्याआधीही त्यावरून बरेच जण गेले असणार.

मला दया नको. खास बाब म्हणून काही करू नका, उद्या तेही उपकार म्हणून मोजाल. त्या चौघांची पदकंही काढून घेऊ नका. जे शिकवलं ते पोरांनी केलं. यापुढे उठून जाणाऱ्यांचा पेपर शून्य धरा, आणि यंदा माझ्या मुलीचेही तेच सहा पेपर मोजा जे त्यांचे मोजलेत. दोन्ही जमत नसेल तर पुढच्या वर्षीच्या नियमांत मोठ्या अक्षरांत छापा की अवघड पेपर दिसला तर पळून जावे, म्हणजे विशेष वर्गात न घेतलेल्या पोरांनाही कळेल.

"आपला अर्ज विचाराधीन आहे" असलं काही पाठवू नका. शुक्रवार जवळ आला आहे. अवघड पेपर समोर आल्यावर जी मुलगी बसून राहिली, ती तुमच्या लेखी पळालेल्यांपेक्षा कमी कशी? तुमच्या सहीने, शुक्रवारच्या आत, मला उत्तर द्या.