‘जतन झालं’ म्हणणारा सर्व्हर

मित्रांनो, लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये पाण्याच्या फिल्टरशेजारी ठेवलेला मी एक जुना सर्व्हर आहे. पोरं संगणकांवर पेपर सोडवतात आणि ते सगळे मी जपून ठेवतो. दसऱ्याला मला एक झेंडूचं फूल मिळतं, तेही हवा यायच्या जाळीत खोचतात.

मी हळू होतो, पण शब्दाचा पक्का होतो. पेपर डिस्कवर लिहून झाल्याखेरीज ‘जतन झालं’ म्हणत नसे. हमालानं पोतं थप्पीला लावल्यावरच ‘लागलं’ म्हणावं, तसं. क्लासचे मालक व्यंकटराव सर यांना ते खुपायचं.

“संगमेश, लई सुस्त हाय रे हे. पोरं ताटकळून राहिलीत.”

“हाव सर. डिस्कवर लिहायची वाट बघतंय ते. वाट बघायचंच बंद करतो,” संगणक सांभाळणारा संगमेश म्हणाला. त्यानं सेटिंग बदललं. मग पेपर नुसता हाती आला, की मी ‘जतन झालं’ म्हणू लागलो. लिहिणं मागाहून. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. त्या कौतुकाचा मला आजही संताप येतो.

मोफत बॅचच्या प्रवेश परीक्षेदिवशी खालच्या हॉलमध्ये गुणवंतांचा सत्कार होता. फेटे, हार, भाषणं. माईक बंद पडू नये म्हणून माझी इन्व्हर्टरची वायर काढून स्पीकरला दिली. कंधारहून आलेल्या कहकशां नावाच्या मुलीनं पेपर पाठवला, ‘जतन झालं’ वाचलं आणि एसटी गाठायला ती पळाली. तेवढ्यात लाईट गेली. खाली भाषण चालूच राहिलं. मी मात्र बंद पडलो, आणि माझ्या हातातला तिचा पेपर डिस्कवर लिहायचा राहून गेला.

ज्यांचे पेपर अर्धवट होते, त्यांची परीक्षा दुपारी पुन्हा घेतली. कहकशां तर तोवर घरी पोचली होती. निकालात तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ आलं.

तिचे वडील अकरमभाई शिलाईचं काम टाकून तिला घेऊन आले.

“सर, स्क्रीनवर आलतं ना, जतन झालं म्हणून,” ती म्हणाली.

“पोरगी खोटं बोलणारी न्हाई, सर,” अकरमभाई म्हणाले.

“मग काय मशीन खोटं बोलून राहिलंय?” सर निकालावर बोट ठेवत म्हणाले.

बापलेक जिना उतरले. ‘हो, बोलतंय!’ असं मला ओरडावंसं वाटलं. पण मला बोलायला दोनच शब्द दिलेत. मोफत बॅचमधली तिची जागा दुसऱ्याला गेली.

मित्रांनो, माझी धूळ पुसा किंवा पुसू नका. पण ज्याच्यावर भरवसा ठेवायचा, त्याला काम पुरं करण्याइतका वेळ तरी द्या. रविवारी पुन्हा परीक्षा आहे. सेटिंग अजून तेच आहे, आणि प्रत्येक पोराला मी ‘जतन झालं’ म्हणणार आहे.