सर्वानुमते मंजूर

जिल्हा नवा झाला आणि कासारखेड नगरपालिकेला आपल्यालाही इतिहास असावा असं एकाएकी वाटू लागलं. अध्यक्ष अमृतरावांनी स्मरणिका काढायचं ठरवलं. काम हेडक्लार्क गुरुलिंगकडे आलं, कारण निवृत्तीला तीन महिने उरलेल्या माणसाला दुसरं काय काम देणार? त्यानं निजामाच्या अमदानीपासूनच्या सभासदांची यादी लावली. व्यापारी, वकील, एक हकीम, पुन्हा व्यापारी. आणि सदुसष्ट साली पहिल्यांदाच एक बाई, भीमनगरच्या सरजाबाई.

यादी छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी सरजाबाई स्वतःच कचेरीत आल्या.

"हेडक्लार्क सायेब, माझ्या नावापुढं एक ओळ घाला. बहात्तरच्या दुष्काळात भीमनगरला मंजूर झालेला बोअर पेठेत नेला, तवा मी न्हाई म्हणले व्हते."

गुरुलिंगला चांगलं आठवत होतं. बाई उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "माझा इरोध लिवा." मग भजी आली आणि सभा संपली.

अडचण एवढीच, की सभेचं इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून तयार असे. जुनी रीत. सभासद दारातच सह्या करत, तोवर प्रत्येक ठरावाखालची 'सर्वानुमते मंजूर'ची शाई वाळलेली असे. त्या दिवशी खाडाखोड नको म्हणून गुरुलिंगनं वही मिटली. त्याच्या वहीत खाडाखोड नसते, याची तारीफ ऑडिटवाल्यांनीही केली होती.

"वस्ती दहा वर्सं म्हणून राहिली, सरजीनं बोअर इकला," बाई म्हणाल्या. "ठरावाची नक्कल काढून आणली त्यांनी. खाली माझी सही. सख्खी जाऊ, पारूबाई, तवापासून बोलत न्हाई माझ्यासंगं."

गुरुलिंग अमृतरावांकडे गेला.

"दप्तरात एक अन् पुस्तकात एक?" अमृतराव हसले. "उद्या बोअर कुणाच्या दारात गेला तेही छापशील, गुरुलिंग."

बोअर अमृतरावांच्याच दारात होता. ओळ छापली गेली नाही.

त्यानंतरच्या रविवारी गुरुलिंग आपण होऊन भीमनगरात गेला. विहारापुढं दहा-पंधरा माणसं जमली. पारूबाई घागर घेऊन कडेला उभी राहिली. त्यानं सगळं सांगितलं. बाईंनी विरोध केला होता, आपण तो लिहिला नाही.

मग म्हातारा लिंबाजी म्हणाला, "तवा कागद खरा म्हणलात, आता तोंड खरं म्हणून राहिलात. लिवून द्या की, सायेब. दोनच ओळी."

पेन खिशातच होतं. पण दोन ओळी लिहायच्या म्हणजे वर्षानुवर्षांचं इतिवृत्त खोटं, आणि तेही आपल्याच अक्षरात. पेन्शनचे कागद नुकतेच नव्या जिल्ह्याला गेले होते.

"तसं लिहून देता येत नाही," गुरुलिंग म्हणाला. आवाज कचेरीतला निघाला.

"बघा!" पारूबाई कुणाकडेच न बघता म्हणाली, आणि घागर कमरेवर घेऊन पेठेच्या वाटेला लागली. माणसं एकेक करून उठली.

सरजाबाईंनी पदर नीट केला. "असू द्या सायेब. इतक्या लांब आलात. च्या घ्या अन् मग जा."

तेव्हाही त्याच्यानं नाही म्हणवलं नाही. चहा आला. पाणी कुठून आणलं, हे त्यानं विचारलं नाही.