फणसाच्या कपाटातला पंखा

पडद्यावरची नायिका इतका वेळ गप्प होती ती नेमकी कुजबुजली, आणि त्याच क्षणी टीव्हीखालच्या कपाटात पंखा घोंघावायला लागला. ती काय म्हणाली ते कुणालाच कळलं नाही.

"चक्कीवर दळण टाकलंय काय गो कुणी?" सासूबाईंनी विचारलं.

शौनक खो खो हसला. हा सुमेधाचा धाकटा दीर, आंबे खायला पुण्याहून आलेला. "दळण कसलं, आई! वहिनींचा कॉम्प्युटर आहे तो. वहिनी, रागावू नका हां, पण घरी जुळवलेल्या मशीनचं असंच असतं. टीव्हीला जोडायचा तयार खोका मागवायचा, विषय संपला. मागवू का, दादा?"

"मागव," सुमेधाचा नवरा चारुदत्त म्हणाला. "हे ठेवू माळ्यावर. सुमेधाची हौस झाली ना? बास!"

हौस! सुमेधाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सासूबाईंच्या गुडघ्यांना थिएटरचे जिने चढवेनात, म्हणून सिनेमाच घरी आणायचं तिने ठरवलं होतं. व्हिडिओ बघून बघून ती शिकली, एकेक भाग मागवला, पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा देवापुढे साखर ठेवली. नवऱ्याने कपाट करून घेतलं ते काम, आणि बायकोने कॉम्प्युटर बांधला ती हौस. वा रे न्याय!

आणि या पंख्यासाठी तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? बारका किरकिरा पंखा काढून मोठा, सावकाश फिरणारा बसवला. स्क्रूंखाली रबराच्या चकत्या घातल्या. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी पेस्ट नव्याने लावली, तीही भातावर तूप वाढतात तशी नाही, मोजकी. सेटिंगमध्ये जाऊन वेग उतरवला. दर वेळी जेवणाच्या टेबलावर मशीन गरीब गाईसारखं चाले, आणि कपाटात गेलं की अंगात आल्यासारखं घुमायला लागे.

कपाटाशी आला की तिचा विचार आजवर मुकाट मागे फिरत असे. पावस गावच्या बागेतला फणस, तिच्या सासऱ्यांनी, अण्णांनी लावलेला, वादळात आडवा झाला तेव्हा चारुदत्तला घास गिळवेना. त्याच लाकडाचं हे कपाट. त्यात घर भाट्याला, समुद्राच्या तोंडावर. खारा वारा गेट खातो, कड्या खातो. आधीचा टीव्हीही त्यानेच खाल्ला. म्हणून चारुदत्तने दारांना रबराची पट्टी बसवून घेतली, मागची फळी पक्की ठोकली आणि वायरींभोवतीच्या फटी लांबी लिंपून बुजवल्या. 'मुंगी शिरायची नाही,' असं तो आल्यागेल्याला सांगे.

"मुंगी शिरत नाही, मग हवा काय चावी घेऊन शिरणार?" सुमेधा उठलीच.

तिने मशीन बाहेर ओढलं आणि स्टुलावर ठेवलं. खोका तव्यासारखा तापला होता. जरा वेळाने पंख्याचा आवाज उतरला, उतरता उतरता ऐकूच येईना. नायिकेचं कुजबुजणं स्वच्छ कळलं.

"ऐकलंत? पंखा जो गरम वारा बाहेर टाकतो, तोच कपाटात फिरून त्याच्या तोंडावर येतो. मग तो आणखी जोरात फिरतो. कोंडून घातल्यावर ओरडेल नाहीतर काय करेल?"

"मग दारं उघडी ठेवायची, वहिनी."

"ठेवते की! तुमचे दादा येता-जाता लावून टाकतात."

चारुदत्त पेपरात बघायला लागला.

सुमेधाने आतून ड्रिल आणलं, आणि एसीच्या नळीसाठी घेतलेली गोल करवतही. ते बघून पेपर खाली आला.

"हे काय?"

"मागच्या फळीला दोन भोकं. एक खाली, गार हवा आत यायला. एक वर, गरम बाहेर जायला."

"अण्णांच्या फणसाला भोकं पाडणार तू?"

"फणस उभा होता तेव्हा चारी बाजूंनी वारा घेत होता, अहो. कोंडलात तुम्ही त्याला."

"खारा वारा शिरेल! सगळं गंजेल!"

"गंजला तर माझा पंखा गंजेल, मी नवा बसवीन. भोकाला जाळी लावीन, ब्रशने झाडत जाईन. स्वयंपाकघरातला चिकट एक्झॉस्ट कोण धुतं या घरात? तेव्हा नाही कुणी विचारत हौस झाली का म्हणून!"

शौनकने खोका मागवायला काढलेला मोबाईल हळूच उशीखाली सरकवला.

कपाट भिंतीपासून ओढताना कुणी हात लावला नाही. तिने एकटीने ओढलं. मागची फळी पिवळीधम्मक होती, उजेड न लागलेली. तिच्यावर करवत टेकवताना सुमेधाचा हात थबकला. तिनेही त्या फणसाचे गरे खाल्ले होते, लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात. पण मशीन माळ्यावर गेलं तर पुन्हा कधी खाली येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने बटणावर बोट ठेवलं.

"थांब!" चारुदत्त ताडकन उठला. "वाकडं धरलंयस. भोक पाडायचंच तर मधोमध तरी पाड. अण्णांच्या लाकडाचा असा खेळखंडोबा मी नाही बघणार."

सुतारासारखी कानावर पेन्सिल नसल्याने त्याने शब्दकोड्याचं पेन घेतलं, पट्टीने मापं घेतली आणि दोन गोल काढले, अगदी बांगडी ठेवून काढावेत तसे. तोंडाने पुटपुट चालूच होती. मग ओठ घट्ट मिटून त्याने फळी दोन्ही हातांनी दाबून धरली.

"चालव आता. आणि हळू."

तिने हळूच चालवलं. भुसा त्याच्या मनगटांवर पडत राहिला. त्याने तो झटकला नाही.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढेच राहिलं, मशीन आत गेलं, दारं लागली, सिनेमा सुरू झाला. सगळे कान देऊन बसले. बराच वेळ गेला.

"बंद पडला काय गो तुझा कॉम्प्युटर?" सासूबाई म्हणाल्या. "काही आवाजच नाही तो."

"चालू आहे, आई," उत्तर चारुदत्तने दिलं, घुश्शातच. "सुमेधाने बांधलाय. आता गप्प बसा बघू सगळे, ऐकू द्या."