मला बूड नको होतं

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे आणि मला बूड नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहिल्यावर सगळ्यांची नजर तिथेच जाते. चारी बाजूंनी पातळ कापड, मधोमध एक खांब आणि खाली थेट जमीन. घडी घातली की मी एका पिशवीत मावतो.

मला घरातल्या आईने शिवलं, मागच्या खोलीतल्या शिवणयंत्रावर. तिचा भाऊ मला पाहून हसला होता. "ताई, तळ लावायला विसरलीस की काय? हा तर बिनबुडाचा तंबू."

"बिनबुडाचा असला तरी खोटं बोलत नाही," असं म्हणून आईने दाताने दोरा तोडला.

मला बूड नव्हतं त्याला कारण होतं. बाबा बसच्या कारखान्यात पत्र्याचं काम करत. त्यांनी उरल्यासुरल्या पत्र्याची एक छोटी शेगडी केली होती. तिचे पाय दुमडायचे, आणि धूर बाहेर न्यायला पत्र्याची लांब चिमणी होती. लाकडं पेटली की शेगडी अशी तापायची, की तिच्याखाली कापड असून चाललंच नसतं. तिला मातीच हवी. चिमणीसाठी आईने माझ्या छपराला एक गोल भोक ठेवून त्याला न जळणाऱ्या कापडाची जाड कड लावली. गंमत म्हणजे त्यांच्या मुलीचं लाडाचं नावही चिमणीच. "चिमणी नीट बसली का?" असं बाबांनी बाहेरून विचारलं की ती आतून म्हणायची, "कुठली? मी की धुराची?"

थंडी पडली की आम्ही डोंगराकडे निघायचो. माझ्या खालच्या कडेला आईने आपल्या जुन्या निळ्या रेनकोटची वीतभर झालर जोडली होती. ती बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरायची आणि तिच्यावर दगड ठेवायचे, म्हणजे वारा आत घुसत नसे. दाराजवळ मात्र आई ती चार बोटं उचलून ठेवायला लावायची. "खालून हवा येऊ द्या, वरची खिडकी उघडी ठेवा. श्वास आपल्यालाही लागतो आणि विस्तवालाही." झोपण्याआधी शेगडी विझलीच पाहिजे, हाही तिचाच नियम.

बाहेर गवतावर बर्फाचे कण धरलेले असत आणि आत तिघं स्वेटर काढून बसलेले असत. दोरीवर ओले मोजे वाळत. घरी चिखलाचे बूट घालून आत आलं की बोलणी बसत. माझ्याकडे बूट घालूनच बसायचं. बाबा एरवी फार बोलत नसत, पण शेगडीत ढलप्या सरकवताना कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे. आई हसून हसून डोळे पुसायची आणि दोष धुराला द्यायची. माझ्या कापडात त्या धुराचा वास कायमचा बसला. मला तो फार आवडतो.

मग एका उन्हाळ्यात आई आजारी पडली आणि गेली. त्या थंडीत बाबा आणि चिमणी दोघंच आले. दगड ठेवण्याआधी बाबा निळ्या झालरीवरून हात फिरवायचे. ते पुढे दर वर्षीचंच झालं.

चिमणी मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. बाबांचे गुडघे दुखायला लागले. ओल्या जमिनीमुळेच दुखतात, असं तिच्या मनाने घेतलं. एकदा घरी आली असताना तिने मला गुपचूप उचललं आणि बॅगा शिवणाऱ्या दुकानात तळ लावायला दिलं. कारागिराने झालर हातात धरून विचारलं, "ही चिंधी काढू ना?" चिमणी फोनवर बोलत होती. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा," ती म्हणाली. कात्री चालली. मित्रांनो, तंबूला तोंड नसतं, याचं मला तेव्हा जितकं वाईट वाटलं तितकं कधीच वाटलं नाही.

थंडीत डोंगरावर बाबांनी मला उघडलं. त्यांचा हात सवयीने कडेवरून फिरला आणि थांबला.

"छान केलंस गं," ते म्हणाले.

त्या वर्षी शेगडी गाडीतच राहिली. बूट बाहेर काढून ठेवले होते. दोघं दुलईत कुडकुडत बसले. उबेशिवाय बाबांची जीभ सैल होईना. माझ्या छपरातून दव टपकत होतं, ते पुसण्यातच वेळ गेला. त्यानंतर चिमणीने विचारलं की बाबा म्हणायचे, "यंदा नको, गुडघे दुखतात." मी माळ्यावर गेलो. शेगडी खाली गॅलरीत, तिच्या पोटात कपड्यांचे चिमटे. माळ्यावरून मला ती रोज दिसायची. इतक्या जवळ असून आम्ही भेटू शकत नव्हतो.

गेल्या वर्षी बाबा पडले आणि चाकाच्या खुर्चीत बसले. चिमणी घरी राहायला आली. चिमटे काढता काढता तिने शेगडी पुसली. "बाबा, ही पेटवू या का एकदा?"

"ठेवणार कुठे? तंबूला तळ आहे ना."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू माझे गुडघे जपायला निघालीस. त्यात काय बोलायचं?" बाबांनी शेगडीचा दुमडलेला पाय उघडला. "पण चिमणे, ती झालर तुझ्या आईच्या रेनकोटची होती गं."

चिमणीने मला माळ्यावरून खाली काढलं. दुसऱ्या दिवशी ती दुकानात जाऊन आली, पण इतक्या वर्षांपूर्वीची चिंधी कोण जपून ठेवणार? मग तिने आईच्या यंत्रापाशी बसून माझा तळ उसवला, त्याच्याच पट्ट्या कापल्या आणि नवी झालर लावली. टाके वाकडेतिकडे आले.

एका गारठलेल्या सकाळी तिने मला घरामागच्या अंगणात उभं केलं. शेगडी पेटली. बाबांची खुर्ची थेट आत आली; चाकांना अडवायला खाली काही नव्हतंच. बाबांनी वाकून झालर चाचपली.

"वाकडी शिवलीयस."

"हो बाबा."

"राहू दे. दाराजवळ चार बोटं उचल."

मित्रांनो, माया जरूर करा. पण कुणाचं काही बदलण्याआधी त्याला एकदा विचारा. नाहीतर तो "छान केलंस" म्हणेल आणि तुम्हाला खरं वाटेल.

शेगडीच्या डाव्या बाजूला आईची जागा असायची. त्या सकाळी तिथे कुणी बसलं नाही. जमीन तेवढी हळूहळू कोमट झाली.