बिनमिठाची चवळी

स्वातंत्र्य आलं आणि आमच्या फाराकोतलं मीठ संपलं.

आता ह्याचा त्याच्याशी काय संबंध? तर आहे. फ्रेंच साहेबानं विचारलं होतं, आमच्याबरोबर राहता का? आमच्या अख्ख्या गिनी देशानं 'नाही' म्हणून मत टाकलं. साहेबाला राग आला. जाताना त्यानं हाताला लागेल ते उचललं. आमच्या मिलो नदीवर एक तराफा होता. लोखंडी पिंपांवर फळ्या ठोकलेल्या, आणि ह्या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेल्या तारेच्या दोराला धरून माणसं तो ओढत न्यायची. साहेबाची माणसं आली, तो दोर गुंडाळला, दोन्ही काठांवरचे लोखंडी खांब बुडापासून कापले आणि ट्रकात घालून गेली. तराफा ट्रकात मावला नाही, म्हणून तो तेवढा आमच्या वाट्याला आला.

पलीकडच्या काठावर सिराबा गाव. सडक तिकडून जाते. कांकान शहराच्या बाजारातली गोऱ्यांची दुकानं कुलपं घालून बसली होती, पण नव्या सरकारचा ट्रक गावोगाव फिरत होता. भात घ्यायचं, त्याच्या बदल्यात मीठ, रॉकेल, कापड द्यायचं. ट्रक यायचा सिराबापर्यंत. आमचं भात इकडं, मीठ तिकडं आणि मधे मिलो.

आमच्या शेजारच्या आवारात फामोरोदादा जेवायला बसला होता. त्यानं एक घास घेतला आणि भांडं बाजूला सारलं.

"हे काय जेवण म्हणायचं? माती खाल्ल्यागत लागतंय."

नांतेनिनवहिनी चुलीपाशी होती. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. ती म्हणाली, "मातीला चव असती. आन् तुमी मत टाकताना मला इचारलं हुतं का, मिठाचं काय करणार म्हणून?"

"तू बी 'न्हाई'च टाकलंस की!"

"टाकलं. परत इचारलं तर परत टाकीन. पण मी जेवताना रडत न्हाई."

मी कुडावरून बघत होतो. हसू आवरलं नाही, तशी वहिनी माझ्याकडं वळली. "हसा भावजी, हसा. तुमच्या घरची तर राखेचं पाणी गाळून कालवणात घालती म्हणं. काल तुमचं तोंड कारल्यागत झालं हुतं."

खोटं नव्हतं. बायका गवताची राख भिजवून तिचं पाणी आटवायच्या आणि त्याला मीठ म्हणायच्या. खारट कमी, कडू जास्त. मुलं ताटावरून उठून पळायची.

भात मात्र त्या साली असं आलं होतं की बघत राहावं. पहिल्यांदाच कुणाचा शिपाई खळ्यावर उभा नव्हता, कुणी रस्ता खणायला धरून नेलं नव्हतं. नदीकाठची सगळी खाचरं पिवळीधमक. उत्तरेकडचं कोरडं वारं सुटलं होतं, ओठ फुटत होते आणि खळ्यावर झोडपणीच्या काठ्या तालावर पडत होत्या. कणगी भरून भात आणि चिमूटभर मीठ नाही!

दुसऱ्याच दिवशी वहिनीनं नवऱ्याच्या डोणीत भाताची पोती घातली. "आज मीठ घिऊनच येते," म्हणाली. फामोरोदादा वल्हवायला. डोणी एका लाकडात कोरलेली, जुनी, एका अंगाला कललेली. मधल्या धारेत गेली आणि आडवी झाली. पोती गेली तळाला. फामोरोदादा डोणीला मिठी मारून कलमा म्हणत राहिला आणि वहिनी पोहत काठाला लागली. आम्ही धावलो. आता ही ऊर बडवणार असं वाटलं. ती नेसूचं पिळत उभी राहिली आणि म्हणाली, "माशांची आज जत्रा हाय. बिनमिठाचा भात त्यास्नी चालतो."

मग खाली बसली. वर्षाचं कष्टाचं पीक डोळ्यांदेखत पाण्यात गेलेलं. पाठ वळवून एकदा डोळे पुसले तिनं, ते मी बघितलं.

संध्याकाळी गाव चिंचेखाली जमलं. गावचा म्हातारा लांसिनेबाबा कामारा म्हणाला, "डोणीत पोती घालायचा नाद सोडा. उद्या माणूस जाईल."

"मंग काय करावं बाबा? तराफा हाय, दोर न्हाई," फामोरोदादा म्हणाला.

मागं बायकांत वहिनी बसली होती. "साहेब लोखंडाचा दोर घिऊन गेला. अंबाडी बी घिऊन गेला का?"

घरोघर अंबाडी भिजवून, सोलून, वाख काढून ठेवलेला होता. गुरांची दावी वळायची, कणगीला बांधायचं. त्याच वाखाचं नदीएवढं चऱ्हाट वळायचं? तिघेचौघे हसले. लांसिनेबाबा हसला नाही. म्हणाला, "उद्या समद्यांनी वाख आणा."

आणि काय सांगू, ते दिवस! गावाच्या मधल्या वाटेवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं. बाया वाख विंचरताहेत, पुरुष पीळ घालताहेत, ढोलवाला ताल धरून बसलाय. आधी बोटाएवढ्या दोऱ्या, त्यांचे मनगटाएवढे दोर, आणि तीन दोरांचं मांडीएवढं चऱ्हाट. मधेच कुणी उलटा पीळ घालायचा, मग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मागच्या गावांतली माणसं वाखाचे भारे डोक्यावर घेऊन आली. त्यांनाही मीठ पाहिजेच होतं. साहेबाच्या वेळी आम्ही असेच रांगेत उभे राहून सडक खणलेली. तेव्हा पाठीवर चाबूक होता. ह्या वेळी पाठीवर पोरं होती, आयांनी बांधलेली, आणि ती ढोलाच्या तालावर माना हलवत होती.

चऱ्हाट झालं. आता बांधायचं कशाला? आमच्या काठाला जुना, दणकट वृक्ष होता. पण पलीकडं सगळी वाळू. उभं असं एकच झाड, सिराबाची गोरखचिंच. आमच्या बोलीत तिला 'सिरा' म्हणतात, तिच्यावरूनच गावाला नाव पडलेलं. आणि घोडं अडलं ते तिथंच.

सिराबाचा मुखिया बुरामा केयता. मुखियांचे अधिकार काढून घेतले होते, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मताच्या वेळी हा गडी सांगत फिरला होता, साहेबाला 'हो' म्हणा. निकाल लागला त्या दिवशी आमच्या पोरींनी नदीकाठी उभं राहून, पलीकडं ऐकू जाईल असं गाणं म्हटलं:

गोरखचिंच मोठी मोठी, आतून पोकळ गं,
बुरामाचं डोकं तसं, आतून पोकळ गं!

तेव्हापासून बुरामानं शपथ घेतली होती, फाराकोच्या माणसानं आपल्या झाडाच्या सावलीत पाय ठेवायचा नाही.

लांसिनेबाबा चार म्हातारे आणि मानानं भेट द्यायची निवडक पांढरी कोला-फळं घेऊन डोणीनं पलीकडं गेला. त्यानं घरची, गुरांची, पिकाची सगळी विचारपूस केली, जशी करायची असते तशी. बुरामानंही सगळी उत्तरं दिली, जशी द्यायची असतात तशी. मग कोला-फळं परत सरकवून म्हणाला, "झाड पोकळ हाय बाबा. तुमचं वजन पेलायचं न्हाई."

म्हातारे मान खाली घालून परत आले. आमच्या चिंचेखाली सुतक पडल्यासारखं झालं.

"आता काय?" कुणीतरी म्हणालं.

"आता मी जाते," वहिनी म्हणाली.

"तू? म्हाताऱ्यांना जमलं न्हाई ते तू करणार?" फामोरोदादा ओरडला.

"म्हातारे कामारा हायेत. मी कुलिबाली. तो केयता. इसरलात समदे?"

चिंचेखाली एकदम खसखस पिकली. लांसिनेबाबानं कपाळाला हात मारला. केयता आणि कुलिबाली ही थट्टेची कुळं. कुलिबालीनं केयताला आणि केयतानं कुलिबालीला तोंडाला येईल ते बोलावं; 'चवळीखाऊ' ही त्यातली ठरलेली शिवी. रागवायचं नाही आणि मागितलेलं नाकारायचं नाही. बापजाद्यांपासूनचा नेम. तो मोडला तर माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही.

"मंग आधी का बोलली न्हाईस?" लांसिनेबाबानं विचारलं.

"मला कुणी इचारलं?"

तिनं मोठं मडकं भरून चवळी शिजवली. डोणी मी वल्हवली, कारण नवऱ्याच्या वल्हवण्यावर तिचा विश्वास उरला नव्हता.

सिराबात बुरामा झाडाखाली माणसं घेऊन बसला होता. पांढराशुभ्र पायघोळ अंगरखा, हातात माळ. वहिनी सरळ त्या सावलीत शिरली, मडकं त्याच्यापुढं आपटलं आणि मोठ्यानं म्हणाली, "ए चवळीखाऊ! ऊठ, तुझी मालकीण आली."

बसलेली माणसं खाली बघायला लागली. कुणाचे खांदे हलत होते. बुरामानं चेहरा दगडाचा केला. "कोण ही बाई?"

"वळख इसरला! चवळी खाऊन खाऊन डोळ्यांवर झापड आली बिचाऱ्याच्या. अरं, तुझ्या आज्याला माझ्या आज्यानं चवळीच्या एका टोपलीवर इकत घेतला, आन् वर टोपली बी परत मागितली."

आता एकजण फुटला. त्याच्यामागं दुसरा. बुरामाची मिशी थरथरली. तो माळ ओढायला लागला, भराभर.

"खा," वहिनी म्हणाली. "केयता आन् चवळीपुढं गप बसलाय, आसं कधी झालं न्हाई. का जीव बरा न्हाई?"

आता नाकारलं तर नेम मोडतो. बुरामानं एक मूठ उचलली, तोंडात टाकली, चावली. तोंड वाकडं झालं. "ह्यात मीठ कुठंय?"

"तुझ्या झाडाखाली अडकलंय," वहिनी म्हणाली.

आणि मग बुरामा हसला. असा हसला, की पोट धरून मागं कलंडला. डोळ्यांतून पाणी आलं. "कुलिबालीची जात! मांजराला बी बोलायला शिकवाल! तुझ्या आज्यानं माझ्या आज्याला घेतला न्हवता, चवळी चोरताना माझ्या आज्यानं तुझ्या आज्याला धरला हुता!"

"मंग दे झाड."

बुरामा गंभीर झाला. आवाज उतरला. "झाड देतो. पण बाई, ते गाणं. माझी नातवंडं म्हणत्यात घरात. मी साहेबाची बाजू घेतली, चुकलो आसंन. मला भ्या वाटलं हुतं, त्यो गेल्यावर आपलं कसं हुणार. पण म्हणून मी पोकळ?"

वहिनी त्याच्यासमोर मांडी घालून बसली. थट्टा बाजूला ठेवली. "तोंडातनं गेलेलं गाणं माघारी येत न्हाई, केयता. पण त्याला पुढचं कडवं जोडता येतं." आणि तिथंच, झाडाच्या ढोलीकडं बघत, तिनं ते रचलं:

पोकळ हाय म्हणून तर पाणी साठतंय गं,
कोरड्या दिसांत गाव तिथं ओंजळ धरतंय गं!

सिराबाच्या बायांनी ते दुसऱ्या वेळी उचललं. तिसऱ्या वेळी बुरामा स्वतः मान डोलवत होता.

ट्रक यायच्या दिवशी सकाळी आम्ही चऱ्हाटाचं एक टोक डोणीनं नेऊन गोरखचिंचेला सात वेढे घालून आवळलं. चऱ्हाट नदीवर ताणलं गेलं, तेव्हा करकरलं असं, की दोन्ही काठांवरची माणसं चार पावलं मागं सरली. टिकलं. तराफ्यावर पोती चढली. शेजारपाजाऱ्यांनी सूपसूप भात घालून वहिनीचं एक पोतं भरलं होतं. त्यावर ती राणीसारखी बसली. आम्ही दहाबारा जण चऱ्हाट धरून हातभर हातभर ओढायला लागलो.

अर्ध्याच्या पुढं गेलो आणि तराफा थांबला. पाणी ओसरलं होतं, पिंपं वाळूत रुतली. ओढावं तर हलेना, सोडावं तर धार खेचते. चऱ्हाटाचा एक पदर तटकन तुटला. तिकडं सडकेवर धूळ उडवत ट्रक आला. वाट बघितली तर थोडा वेळ, नाहीतर निघून जाणार.

"मागच्या खेपेला पोहले. ह्या खेपेला पोतं सोडून जायची न्हाई!" वहिनी ओरडली.

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी पाण्यात शिरलं. पांढरा अंगरखा. आधी गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. बुरामा केयता! साहेबासमोर बसताना ज्याचा अंगरखा चटईलाही लागायचा नाही, तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मागं वळून ओरडला, "बघताय काय रं? उतरा!"

अख्खं सिराबा पाण्यात उतरलं. आमच्या काठावरून फाराको उतरलं; पोहता येणारे पोहत आले, न येणारे चऱ्हाटाला लोंबकळत आले. लांसिनेबाबा काठावरूनच शिव्या घालत होता, कारण त्याला कुणी उतरू देईना. खांदे पिंपांना लागले. कुणाचा खांदा कुठल्या गावचा, ते पाण्यात कळत नव्हतं. एक, दोन, आणि तराफा वाळूतून असा सुटला, की ढकलणारे सगळे तोंडावर पडले. वहिनी पोत्यावरून घसरली, पण पोतं तिनं सोडलं नाही.

तराफा सिराबाच्या काठाला लागला. ढोल वाजत होते, बाया ओरडत होत्या, माणसं निथळत होती.

ट्रकवाला कांकानकडचा तरुण गडी. तो टपावर उभा राहून चऱ्हाट बघत होता, मांडीएवढं, ह्या काठापासून त्या काठापर्यंत. खाली उतरला, त्यावर हात फिरवला.

"हे कवा झालं? मागच्या खेपेला न्हवतं. सरकारनं केलं का?"

नांतेनिनवहिनीनं वाळूत बसलेल्या माणसांकडं बघितलं. तिथं बुरामा केयता, फामोरोदादा आणि आणखी तिघं मिळून एकाच अंगरख्याला पीळ घालत होते.

"व्हय," ती म्हणाली. "सरकारनंच केलं. ते काय, अंगरखा पिळतंय."