सातव्या धड्यातलं सूप

नवी भाषा शिकणारा माणूस दुसरा जन्म घेतो, असं इसोगाईसान दर एप्रिलमध्ये वर्ग सुरू होताना उभे राहून सांगत. त्यांचा स्वतःचा दुसरा जन्म आता नऊ वर्षांचा झाला होता आणि सातव्या धड्यात, माद्रिदच्या एका खाणावळीत अडकून पडला होता. वेटरला सूप सांगून झालं होतं. ते अजून आलं नव्हतं.

जपानमधल्या कोकुरा शहराच्या संस्कृती भवनात दर मंगळवारी संध्याकाळी हा प्राथमिक स्पॅनिशचा वर्ग भरे. सातव्या धड्याशी वर्ष संपे. मग सगळे पुन्हा त्याच वर्गात नाव घालत आणि पहिले पाढे पंचावन्न. विद्यार्थी सात-आठ, सगळे निवृत्त. वर्ग सुटला की मंडळी समोरच्या 'मान्साकू' खाणावळीत ओदेनचं, म्हणजे रश्शात शिजवलेल्या मुळ्याच्या फोडी आणि अंड्यांचं, वाफाळतं भांडं आणि बिअर घेऊन बसत. खरा वर्ग तिथे भरे. इसोगाईसान आयुष्यभर लिफ्टची तपासणी करत आले होते. बायको गेल्यापासून त्यांचं कुणाशी बोलणं व्हायचं ते मंगळवारीच. एरवी इमारतीची लिफ्ट त्यांना "दार बंद होत आहे" म्हणे, तेवढंच.

मात्र रोज सकाळी रेडिओवरचे पाठ ऐकून ऐकून त्यांना स्पॅनिश यायला लागलं होतं. वर्गात त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. चारचौघांना मागे टाकून पुढे जाणं बरं दिसत नाही. ते ठरवून अडखळत, आणि इतकं सुंदर अडखळत की जुन्या मास्तरांनी एकदा त्यांच्या पाठीवर हात फिरवून "वय झालं की असंच" म्हणून धीर दिला होता.

मग ते मास्तर गेले आणि रोसाउरा मियाशिरो आल्या. आजोबा ओकिनावाहून पेरूला गेलेले, नात उलट जपानला आलेली. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "यंदा वर्षअखेर परीक्षा. पास होतील ते गुरुवारी भरणाऱ्या पुढच्या पातळीच्या वर्गात."

"आणि नापास झालो तर, सेन्से?" तोकुनागाबाईंनी विचारलं. त्यांचं पूर्वी केशकर्तनालय होतं.

"तर इथेच."

वर्गाने सुटकेचा निःश्वास सोडला.

हिवाळ्यात एकदा मधल्या सुट्टीत रोसाउराबाई जिन्यात फोनवर आईशी बोलत होत्या. शेजारच्या विक्रीयंत्रातून घेतलेला डबाबंद चहा इसोगाईसान तिथेच उभ्याने पीत होते. "अगं, नऊ वर्षं झाली, अजून सूपच मागतायत," बाई स्पॅनिशमध्ये सांगत होत्या. "तो लिफ्टवाला आजोबा तर क्रियापद आलं की असं तोंड करतो, जशी मी त्याची दाढ उपटतेय."

इसोगाईसान हसले. चहा नाकात गेला. बाईंनी फोन ठेवला.

"तुम्हाला कळलं."

"छे, तुम्ही काय बोलत होता त्यातलं मला अक्षरही कळलं नाही," इसोगाईसान म्हणाले. स्पॅनिशमध्ये.

बाई बघतच राहिल्या. ते खाली वाकून म्हणाले, "सेन्से, कुणाला सांगू नका. पास झालो तर गुरुवारी मी एकटा पडेन."

"आणि कुणीच पास झालं नाही तर गुरुवारचा वर्ग उघडणार नाही. एका वर्गावर माझं भागत नाही, इसोगाईसान. प्रतीक्षा यादीत किती लोक प्राथमिकसाठी थांबलेत, पण तुम्ही जागाच सोडत नाही. नाहीतर मी आहेच परत कामाबोकोच्या कारखान्यात, माशाचा लगदा वळायला."

"तिथे बोलायला माणसं असतात का?"

"मासे असतात."

हे उत्तर इसोगाईसानना लागलं. त्या संध्याकाळी मान्साकूत त्यांनी मुळ्याची फोड बराच वेळ फुंकली आणि म्हणाले, "समजा, आपल्यातल्या एखाद्याला येत असेल, तर?"

"काय येत असेल?"

"स्पॅनिश."

ओनिझुकासान पूर्वी बस चालवत. त्यांनी पेला खाली ठेवला. "माझ्याबद्दल कुणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे तुम्हालाही?" तोकुनागाबाई म्हणाल्या. "आणि मी मूर्खासारखी इतकी वर्षं तुमच्यासाठी चुकतेय."

"सकाळचा रेडिओ?" इसोगाईसाननी विचारलं.

"त्यावरच्या बाईचा आवाज छान आहे," ओनिझुकासान म्हणाले.

एकेक करून सगळ्यांनाच स्पॅनिश येत असल्याचं निघालं. फक्त म्हाताऱ्या हिरोसेसानना खरोखरच काही येत नव्हतं. जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही, असं ठरलं आणि पुढचे दोन महिने ओदेनच्या भांड्याभोवती हिरोसेसानकडून धडे घोटून घेण्यात आले. त्यांच्या तोंडून बरोबर क्रियापद निघेपर्यंत तोकुनागाबाई त्यांना अंडं वाढत नसत. परीक्षेत हिरोसेसान काठावर पास झाले, बाकीचे लाज वाटावी इतके वर.

एप्रिलमधल्या पहिल्या गुरुवारी रोसाउराबाईंनी नवं कोरं पुस्तक उघडलं. मंगळवारचा वर्ग नव्या लोकांनी भरला होता, बाईंचा कारखान्याला नकार कळवून झाला होता. इसोगाईसान रिवाजाप्रमाणे उठले. दुसऱ्या जन्माबद्दल ते अस्खलित स्पॅनिशमध्ये बोलले, एकही क्रियापद न अडखळता. बाईंचे डोळे भरून आले.

"आणखी काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं.

इसोगाईसाननी मागे पाहिलं. सगळ्यांनी होकारार्थी माना डोलावल्या.

"एक छोटीशी विनंती आहे, सेन्से. मान्साकू गुरुवारी बंद असतं. मंगळवारच्या नव्या मंडळींना गुरुवार चालेल का, तेवढं विचाराल?"