धोंड्यातली चेष्टा

यंदा ज्येष्ठ अधिक आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. माझा काही ना काही नेम बाराही महिने चालूच असतो, पण धोंडा काही दरवर्षी येत नाही, म्हणून यावेळी जरा जास्तीचा धरला. सकाळी आंघोळ झाली की पोथीचा अध्याय पुरा होईपर्यंत मौन. जेवण एकदाच, दिवेलागणीला, आणि तेही न बोलता. माझ्या जुन्या मराठी पोथीची पानं सुटून गेली होती. पांढुर्ण्याच्या बाजारात नवी शोधली, तर मिळाली ती हिंदी. देवाला दोन्ही कळतं, म्हणून तीच घेऊन आले.

त्याच दिवसांत माझी भाची डिंपल सौंसरला आमच्याकडे राहायला होती. रामाकोन्याच्या माझ्या भावाची, गुणवंताची, धाकटी लेक. बारावी झाली, कॉलेजात जायचं ठरलं. आमच्या खेड्यापाड्यांतली मुलं कॉलेजात नाव घालतात आणि दिवाळीच्या आत घरी येऊन बसतात. आमचं राज्य हिंदीचं, कॉलेजही हिंदीत, आणि घरची बोली मराठी; कोणाला शिकवलेलं समजत नाही, कोणाला विचारायची लाज वाटते. म्हणून तिच्या कॉलेजानं उन्हाळ्यातच एक वर्ग काढला होता, ब्रिज कोर्स. कॉलेज उघडायच्या आधी मुलांना पुस्तकी हिंदीची, वाचनालयाची, चार लोकांत उभं राहून बोलायची सवय व्हावी म्हणून. शेजारच्या सुधाबाईंनी विचारलंच, "ब्रिज म्हणजे पूल ना वो? पोरीले पूल बांधायले शिकवून राहिले का?"

डिंपल हसली होती. "हो मावशी. आधी माह्याच पायाखालचा."

घरात तिच्याकडून सगळ्यांनाच आशा होती, कारण तिचा मोठा भाऊ पंकज तीन वर्षांपूर्वी कॉलेजात गेला आणि दुसऱ्याच महिन्यात सोडून आला. का सोडलं ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. आता तो बोरगावला कंपनीत कामाला जातो. डिंपलही तशीच परतली तर गुणवंता तिला पुन्हा पाठवणार नाही, हे मला माहीत होतं. तो रागावणारा माणूस नाही. नुसता म्हणेल, "राहू दे, आपल्या घराले ते जमत नाही." आणि त्या वाक्यावर आमच्या घरात कोणी पुढं बोलत नाही.

त्या सकाळी मी आंघोळ करून देवापुढं बसले, पोथी उघडली, आणि डिंपल बॅग घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"आत्या, मी चालली घरी. पंकजदादाले फोन केला, तो येऊन राहिला."

मी हातानंच विचारलं, काय झालं?

"तुले मौन आहे, माहीत आहे मले. म्हणूनच आता सांगून राहिली. तू बोलली असती तं मले रडू आलं असतं."

ती माझ्यासमोर पाटावर बसली आणि सांगू लागली. वर्गावर भूपेंद्र सर आहेत. रीवाकडचे, यंदाच बदलून आलेले. काल त्यांनी एकेकाला उभं करून धड्यातला एक परिच्छेद आपल्या शब्दांत, हिंदीत सांगायला लावला. डिंपल उभी राहिली. बाजारातली हिंदी आम्हां सगळ्यांनाच येते, पण पुस्तकातली जिभेवर चढत नाही. अडखळत, घाम पुसत तिनं कसाबसा तो पुरा केला.

"अन् सर काय म्हणते? सगळ्यांसमोर टाळी वाजवली, म्हणते, 'बहुत अच्छी चेष्टा, डिंपल!'"

माझा हात पोथीवर थांबला.

"मी म्हटलं, सर, चेष्टा मत करो. तं ते हासून म्हणते, 'अरे, चेष्टा तो रोज करनी पड़ेगी! चेष्टा नहीं करोगी तो कॉलेज में टिकोगी कैसे?' मी म्हटलं, रोज? म्हणते, 'हाँ, रोज. मैं भी करूँगा, तुम भी करो.' मग मीनाकडं वळले. 'चलो मीना, अब तुम चेष्टा करो.' मीनानं ओढणीच तोंडात कोंबली. सारा वर्ग खिदळला. मी म्हटलं, आपको शरम नहीं आती? अन् दप्तर घेऊन निघून आली."

मला हसू आलं आणि काळजातही चर्र झालं, दोन्ही एकदमच. कारण चार दिवसांपूर्वी मीही त्याच शब्दाला ठेचकाळले होते. हिंदी पोथीत आलं, राजानं फार चेष्टा केली. मी म्हटलं, बाई, असा धर्मात्मा राजा आणि लोकांची थट्टा करतो? दोनदा वाचलं तेव्हा उमगलं.

पण तिला सांगू कसं? मौन. लिहून सांगावं, तर माझ्या मनाला ते बोलणंच वाटतं. बाहेर मोटारसायकल थांबली आणि पंकज दारात आला.

"जय श्रीकृष्ण, आत्या. चाल वो डिंपे, बॅग आण. मी म्हणत नव्हतो, ते पुस्तकी हिंदीवाले आपल्याले टिकू देत नाही?"

डिंपल उठली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मला बोलायची मनाई आहे, वाचायची नाही. पोथी तर मी मोठ्यानंच वाचते. वाचलेल्या अध्यायात मागं जाऊ नये असंही कुठं सांगितलेलं नाही. मी पानं भराभरा मागं उलटली, ओळ सापडली, आणि वाचली.

"राजा ने बहुत चेष्टा की।"

डिंपल बॅगेची चेन लावत होती. मी जरा आवाज चढवला. माझा आवाज मुळातच बारीक, स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओसरीवर पोचत नाही. तरी चढवला.

"राजा ने बहुत चेष्टा की!"

"अवो आत्या, ऐकून राहिली मी," डिंपल म्हणाली. "कोणाची केली राजानं?"

"राण्यांची करत असन," पंकज दारातून म्हणाला. "दुसरं काय काम राहते राजाले?"

मी बोट ओळीवर ठेवून पुढं वाचलं. "पर मन वश में न हुआ। रात-दिन चेष्टा करके राजा थक गया और भगवान के आगे रोने लगा।"

"चेष्टा करून कोणी थकते का?" पंकज हसला. "अन् थट्टा करणारा कायले रडन? ज्याची केली तो रडते."

डिंपल मात्र हसली नाही. बॅग खाली ठेवून माझ्या शेजारी आली, पोथीवर वाकली. ओठ हलवत तिनं ती ओळ वाचली. मग वरची, मग खालची.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "म्हणजे कोशिश?"

मी मान हलवली.

"म्हणजे सर म्हणून राहिले होते, चांगली कोशिश केली?"

मी परत मान हलवली.

"रोज कोशिश करावी लागन, असं?" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं आई! अन् मी त्यायले विचारलं, शरम नाही वाटत का!"

ती मटकन खाली बसली. मला वाटलं, झालं, गाठ सुटली. पण तिचं तोंड अजूनच उतरलं. "आता तं मी कशीच जाऊ शकत नाही. आधी ते चुकले होते, आता मी चुकली. दादा, चाल. कॉलेज सुरू झालं की नव्यानं पाहीन. आई म्हणतेच ना, धोंड्यात नवं काही धरू नाही."

पंकज उंबऱ्यावरच बसला होता. चप्पल काढली नव्हती, घाईत होता तो. पण आता तो चपलेच्या बंदाशी खेळत राहिला, उठला नाही.

"मले कॉलेजात एका सरांनी विचारलं होतं," तो म्हणाला, "'तुम्हें कोई आपत्ति है?'"

डिंपलनं वर पाहिलं.

"गट पाडून राहिले होते. माहं नाव दुसऱ्या गटात टाकलं, अन् विचारलं, कोई आपत्ति है? मले वाटलं, किती चांगला माणूस आहे, घरची विचारपूस करून राहिला. मी उभा राहिलो अन् म्हटलं, नहीं सर, घर में सब ठीक है, इस साल संतरा भी अच्छा आया."

डिंपलच्या तोंडातून हसू फुटलं, तिनं ते हातानं दाबलं.

"हास, हास. सारे हासले. मले समजलंच नाही काऊन हासून राहिले. दुसऱ्या दिवशी गेलो नाही, तिसऱ्या दिवशी जायची हिंमत झाली नाही. कंपनीत लागल्यावर समजलं, त्यायच्यात आपत्ति म्हणजे हरकत. तवा सांगायले कोणी नव्हतं." त्यानं डिंपलकडं पाहिलं. "तुले तं दुसऱ्याच दिवशी समजलं. अन् राजानं सांगितलं."

मी पोथीकडं वळले. आजचा अध्याय अजून तसाच होता. मी वाचू लागले, पण चष्म्यात पाणी आलं आणि अक्षरं हलू लागली. डिंपलनं पोथी आपल्याकडं ओढली आणि पुढचं तीच वाचू लागली. मोठ्यानं, बोट न ठेवता. एका जोडाक्षराला अडली, परत घेतलं, पुढं गेली. ती हिंदी वाचते आहे हे तिच्याही ध्यानात नसावं. अध्याय संपला. मी पोथीला नमस्कार केला आणि माझं तोंड मोकळं झालं.

"धोंड्यात नवं काही धरत नाही, हे खरं आहे बाई," मी म्हटलं. "पण धरलेलं सोडतही नाही. तुझा वर्ग धोंडा लागायच्या आधीच सुरू झाला आहे."

डिंपलनं बॅगेकडं पाहिलं. "अन् सरांना काय सांगू?"

"इथं जे झालं तेच. त्यात खोटं काय आहे?"

पंकज उठला, बॅग उचलली आणि घरात आणून ठेवली. "चाल, बस गाडीवर. वर्गातच सोडतो."

मी ओसरीवर उभी राहिले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वाट रामाकोन्याकडं जाते आणि एक कॉलेजाकडं. गाडी कॉलेजाकडं वळली. मग मी तुळशीला पाणी घातलं. त्या दिवशी दोनदा घातलं, पहिल्यांदा घातलेलं आठवलंच नाही.

डिंपल आली ती दिवे लागताना. मी नुकतीच पानावर बसले होते, पहिला घास घेतला होता. म्हणजे पुन्हा मौन. ती समोर मांडी घालून बसली, तिला धीर नव्हता.

"आत्या, ऐक. मी उभी राहिली अन् सगळं सांगितलं. मराठीत चेष्टा म्हणजे मज़ाक उड़ाना. मग काल काय काय बोलले ते सरांना आठवलं असन, त्यायनं दोन्ही हातांनी तोंडच झाकलं. 'हे राम, मैंने कहा मैं भी करूँगा?' सारा वर्ग हासून हासून लोळला, पण आजचं हासणं येगळं होतं. मग म्हणते, 'तो मराठी में कोशिश को क्या कहते हैं?' मी म्हटलं, प्रयत्न. म्हणते, 'अरे, प्रयत्न तो हिंदी में भी है!' मी म्हटलं, मग तेच म्हणा ना सर."

मी वरण कालवत ऐकत होते.

"मग मले म्हणते, कालचा परिच्छेद परत सांग. मी सांगितला. अडखळली, पण सांगितला. अन् सर म्हणते, 'प्रयत्न अच्छा है, डिंपल. और मैं चेष्टा नहीं कर रहा हूँ.'" तिचे डोळे चमकत होते. "अन् दादा गेलाच नव्हता. खिडकीपाशी उभा राहून ऐकून राहिला होता. सरांनी पाहिलं, म्हणाले, 'आप भी अंदर बैठ जाइए, कोई दिक्कत तो नहीं?' तं दादा काय म्हणाला असन?"

मी घास हातातच धरला.

"म्हणाला, 'मुझे कोई आपत्ति नहीं है, सर.'"

पंकज त्या दिवसापुरताच बसला. दुसऱ्या दिवशी त्याची कंपनीत पाळी होती. पण जाता जाता वर्गात न बसता, बाहेरून खाजगी परीक्षा देऊन कॉलेज पुरं करता येतं का, हे त्यानं सरांना विचारून घेतलं, असं डिंपलनं मागाहून सांगितलं. डिंपल मात्र वर्ग संपेपर्यंत एक दिवस चुकली नाही.

पण त्या संध्याकाळी मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला, तरी ते फुटलंच. ताटावर हसल्यानं मौन मोडतं का, हे माझ्या पोथीत लिहिलेलं नाही. मराठीतही नाही, हिंदीतही नाही.